समोरच्याचा वजीर कसा कोंडावा: नव्या खेळाडूंसाठी

बुद्धिबळाच्या पटावर वजिराइतका पल्ला कुणाचाच नाही. तो हत्तीसारखा सरळ धावतो आणि उंटासारखा तिरकाही धावतो. त्यामुळे नव्या खेळाडूला वाटतं की समोरच्याचा वजीर पकडणं हे आपलं काम नव्हे. खरं म्हणजे डावाच्या सुरुवातीला, पट गच्च भरलेला असतो तेव्हा, वजीर कोंडण्याच्या संधी बऱ्याच येतात. त्या हुकतात, कारण आपण उलट्या क्रमाने विचार करतो. वजीर पुढे आलेला दिसला की लगेच त्याच्यावर हल्ला करतो, तो एक घर सरकतो, आपण पुन्हा हल्ला करतो, तो पुन्हा सरकतो. या धावपळीत आपलीच प्यादी विस्कटतात आणि वजीर सुखरूप परत जातो.

क्रम बदला. आधी त्याच्या वाटा बंद करा, हल्ला सगळ्यात शेवटी. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

चाली वाचण्यापुरतं थोडं: उभ्या ओळींना पांढऱ्याच्या डाव्या हातापासून ए ते एच अशी नावं आहेत, आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ आकडे. प्याद्याची चाल नुसत्या घराच्या नावाने लिहिली आहे. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह, ?? म्हणजे घोडचूक. शक्यतो पट मांडूनच वाचा. वजीर कोंडणं डोळ्यांनी शिकायची गोष्ट आहे.

पहिली पायरी: वाटा मोजा

रिकाम्या पटाच्या मध्यावर, म्हणजे डी४, ई४, डी५, ई५ या चार घरांत, वजिराला आठही दिशा मोकळ्या असतात आणि जायला २७ घरं मिळतात. तोच वजीर कडेला गेला की दिशा पाच उरतात, कोपऱ्यात तीनच, आणि घरं २१ होतात. २१ हा आकडाही लहान नाही, पण दिशा महत्त्वाच्या. एका दिशेला एक मोहरा आडवा आला की त्यामागची सगळी घरं एकदम गेली.

म्हणून समोरचा वजीर कुठेही हलला की मनात आठ दिशा फिरवून बघा: वर, खाली, डावी, उजवी आणि चार तिरक्या. प्रत्येक दिशेला विचारा, हा इथून किती घरं जाऊ शकतो, आणि त्यातली कुठली घरं माझ्या माऱ्यात आहेत? माऱ्यात असलेलं घर त्याच्या दृष्टीने बंदच. सुरुवातीला याला वेळ लागतो. लागू द्या. मी शिकवताना पहिले काही दिवस हल्ल्याचं नावही काढू देत नाही, नुसत्या वाटा मोजायला लावतो. ज्यांना ही सवय लागते त्यांना पुढचं फारसं शिकवावं लागत नाही.

दुसरी पायरी: त्याचेच मोहरे त्याला कुठे अडवतात ते बघा

वजिराच्या निम्म्या वाटा बहुतेक वेळा त्याच्याच सैन्याने अडवलेल्या असतात. एक छोटा डाव बघा. फ्रान्सच्या जिबो आणि लझार या खेळाडूंच्या नावावर तो सांगितला जातो. प्रत्यक्षात नेमका कसा खेळला गेला याबद्दल वाद आहेत, पण चाली शिकण्यासारख्या आहेत.

१. डी४ घोडा एफ६ २. घोडा डी२ ई५ ३. डी×ई५ घोडा जी४ ४. एच३ घोडा ई३

इथे थांबा आणि पांढऱ्याचा वजीर बघा. तो डी१ वर, आपल्या मूळ घरातच आहे. डावीकडे सी१ वर उंट, उजवीकडे ई१ वर राजा, समोर डी२ वर स्वतःचाच घोडा, तिरके सी२ आणि ई२ वर प्यादी. जायला एकही घर नाही. पांढऱ्याने दुसऱ्या चालीला घोडा सी३ ऐवजी डी२ वर ठेवला, तिथेच शेवटची वाट बुजली. ई३ वरचा काळा घोडा वजिरावर हल्ला करतोय. एफ२ च्या प्याद्याने तो मारला तर काळा वजीर एच४+, मग जी३ वजीर×जी३ आणि मात. म्हणजे घोडा मारता येत नाही आणि वजीर हलत नाही. चौथ्या चालीला डाव संपला.

शेवटची चाल चमकदार दिसते, पण तिला शक्य केलं ते गर्दीने. समोरच्याचा वजीर मूळ घरात आहे म्हणून सुरक्षित आहे असं कधी समजू नका.

हीच गोष्ट फार वरच्या पातळीवर घडलेली बघायची असेल तर १९५८ सालचा फिशर विरुद्ध रेशेव्स्की हा डाव मांडा. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेतला हा डाव. बॉबी फिशर तेव्हा १५ वर्षांचा होता, आणि सॅम्युअल रेशेव्स्की हा लहानपणापासून गाजलेला, अनेकदा राष्ट्रीय विजेता झालेला खेळाडू.

१. ई४ सी५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. डी४ सी×डी४ ४. घोडा×डी४ जी६ ५. घोडा सी३ उंट जी७ ६. उंट ई३ घोडा एफ६ ७. उंट सी४ किल्लेकोट ८. उंट बी३ घोडा ए५ ९. ई५ घोडा ई८ १०. उंट×एफ७+ राजा×एफ७ ११. घोडा ई६

आता डी८ वरच्या काळ्या वजिराच्या वाटा एकेक करून बघा. सी८ वर त्याचाच उंट. डी७ आणि ई७ वर त्याचीच प्यादी. ई८ वर घोडा, जो नुकताच नवव्या चालीला तिथे जाऊन बसला. उरली एकच तिरकी वाट: सी७, बी६ आणि पुढे ए५ वर पुन्हा त्याचाच घोडा. सी७ वर आता ई६ च्या घोड्याचा मारा आहे. आणि बी६? घोडा डी४ वरून उठला तशी ई३ च्या उंटाची वाट उघडली आणि तो थेट बी६ पर्यंत बघायला लागला. एकाच चालीत घोड्याने वजिरावर हल्ला केला, सी७ बंद केलं आणि स्वतः बाजूला होऊन बी६ उंटाच्या हवाली केलं. वाटा मोजणाऱ्या खेळाडूलाच असली चाल दिसते.

डी७ च्या प्याद्याने घोडा मारला तर पांढरा वजीर डी८ वर मारतो. राजाने घोडा मारला तर वजीर डी५+ आणि उघड्यावर आलेला राजा मात होईपर्यंत पळवला जातो. रेशेव्स्कीने प्याद्याने मारलं, वजीर गमावला आणि तरीही बराच वेळ चिवटपणे खेळत राहिला, पण डाव फिशरचाच होता.

तिसरी पायरी: आमिष ओळखा

आता वजीर घराबाहेर पडलेला असताना काय करायचं ते बघू. सगळ्यात जास्त वजीर कोंडले जातात ते बी२ च्या प्याद्यापायी (काळ्याच्या बाजूला बी७). पांढऱ्याचा काळ्या घरांतला उंट बाहेर पडला की बी२ ला जोर देणारं कुणी उरत नाही आणि काळा वजीर बी६ वर येऊन त्याच्यावर डोळा ठेवतो. हा साधा डाव मांडा:

१. डी४ डी५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. उंट एफ४ सी५ ४. ई३ वजीर बी६ ५. घोडा सी३ वजीर×बी२

नवा खेळाडू इथे हमखास घोडा ए४ खेळतो, कारण त्याने वजिरावर हल्ला होतो. पण वजीर बी४ वर शह देऊन निघून जातो, आणि वर ए४ च्या घोड्यावरही त्याचा मारा येतो. घाईच्या हल्ल्याचा हा नेहमीचा परिणाम. (घोडा बी५, सी७ वर शहाची धमकी देत, ही इथे एक धारदार चाल आहे, पण आपला विषय कोंडण्याचा आहे.)

आता समजा काळ्याने पाचव्या चालीला प्यादं न खाता ई६ खेळलं. मग ६. ए३. दिसायला अगदी गरीब चाल. हिने वजिरावर हल्ला होत नाही, कुणाला शह बसत नाही. हिने बी४ हे घर बंद होतं, बस. समजा काळ्याला धमकी दिसली नाही आणि तो ६… वजीर×बी२ खेळला. आता ७. घोडा ए४, आणि तीच चाल जी आधी चूक होती ती वजिराचा जीव घेते. घरं मोजा:

बी३ वर गेला तर सी२ चं प्यादं मारतं. बी४ वर ए३ चं प्यादं. बी५ वर एफ१ चा उंट, कारण ई३ खेळल्यामुळे त्याची तिरकी वाट मोकळी आहे. बी६ वर ए४ चाच घोडा. सी३ वर शह देऊ शकतो, पण तिथेही तोच घोडा मारतो. सी२ चं प्यादं खाल्लं तर डी१ चा वजीर. सी१ आणि बी१ वर वजीर किंवा हत्ती. ए२ आणि ए३ वर ए१ चा हत्ती. एवढ्या सगळ्या वाटांपैकी पांढऱ्याने मुद्दाम बंद केली ती एकच, बी४. बाकीच्या मोहऱ्यांच्या नेहमीच्या जागांमुळे आपोआप बंद होत्या.

काळ्याने सहाव्या चालीला काय करायला हवं होतं हेही इथेच शिकून घ्या, कारण समोरचा सावध असेल तर तो हेच करणार. बी२ चं प्यादं न खाता वजीर बी६ वरच ठेवणं, हा पहिला मार्ग. दुसरा, सी४: प्यादं पुढे गेलं की एफ१ च्या उंटाची वाट अडते, बी५ हे घर सुटतं आणि मग बी२ खाल्लं तरी घोडा ए४ ला वजीर बी५ हे उत्तर मिळतं. तिसरा, उंट डी७: आता घोडा ए४ वर आला की उंटच त्याला मारतो. तीन उत्तरं, तिन्ही वेगळ्या प्रकारची. एकात वजीर कोंडीत शिरतच नाही, दुसऱ्यात बंद केलेली वाट उघडते, तिसऱ्यात हल्ला करणारा मोहरा मरतो. कुठल्याही कोंडीतून सुटायचे उपाय बहुतेक याच प्रकारचे असतात. म्हणून कोंडी घालण्याआधी स्वतःला हे प्रश्न विचारायचे: तो आत्ताच निघून जाईल का? माझी एखादी वाट अडवता येईल का? शेवटचा हल्ला करणाऱ्या मोहऱ्याला मारता येईल का?

बी२ चं प्यादं खाणं नेहमीच चूक असतं असंही नाही. हे काही खेळाडू सूत्रासारखं पाठ करतात आणि फुकटची प्यादी सोडून देतात. परतीची वाट मोजून झाली असेल तर खुशाल खा.

चौथी पायरी: शेवटचा हल्ला कुणाकडून?

स्वस्त मोहऱ्याकडून. प्यादं सगळ्यात उत्तम, मग घोडा किंवा उंट, मग हत्ती. नेहमीच्या हिशेबात वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा प्रत्येकी ३, प्यादं १. आपल्या वजिराने त्याच्या वजिरावर हल्ला केला तर फार तर अदलाबदल होते. त्याला कोंडी म्हणत नाहीत.

घोडा या कामाला विशेष चांगला, आणि कारण सोपं आहे. वजीर सरळ आणि तिरका चालतो, घोडा अडीच घरं. त्यामुळे घोडा वजिरावर हल्ला करतो तेव्हा वजीर त्याच घरातून उलट घोड्याला कधीच मारू शकत नाही. उंटाने तिरका हल्ला केला आणि उंटाला जोर नसला तर वजीर उंटच खाऊन मोकळा होतो. वरच्या तिन्ही डावांत शेवटचा हल्ला घोड्याने केला आहे हे लक्षात आलं असेलच.

पाचवी पायरी: शह, आणि जाता जाता काय नेतो

हल्ल्याची चाल खेळण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, कोंडलेल्या वजिराला कुठून शह देता येतो का. शह बसला की तुम्हाला राजा वाचवावा लागतो आणि पुढच्या चालीला तो पसार. नुसता वजिराचाच नव्हे, त्याच्या इतर मोहऱ्यांचा शहही बघा.

दुसरी, वजीर मरताना काय खाऊन मरतो. बी२ च्या डावात काळा शेवटी वजीर×ए१ करून हत्ती खाणार, मग आपला वजीर त्याला मारणार. म्हणजे आपल्याला ९ मिळाले, आपले हत्तीचे ५ आणि आधी गेलेल्या प्याद्याचा १ असे ६ गेले. फायदा आहेच, पण पूर्ण वजीर फुकट मिळाला असं धरून पुढचा डाव ढिसाळ खेळलात तर तो फायदा टिकणार नाही. फिशरनेही उंट आणि घोडा देऊन वजीर आणि एक प्यादं घेतलं होतं. असा हिशेब प्रत्येक वेळी करा, आणि तो आधी करा.

सावकाश कोंडी: रेक्याविक, १९७२

सगळ्या कोंड्या दोन चालींत होत नाहीत. जगज्जेतेपदाच्या १९७२ च्या सामन्यात आइसलँडमधल्या रेक्याविकला बोरिस स्पास्कीने अकराव्या डावात फिशरचाच वजीर कोंडला. फिशर काळ्याकडून सिसिलियन बचावाचा (१. ई४ सी५) नायडॉर्फ हा प्रकार खेळत होता आणि आठव्या चालीला त्याच्या वजिराने बी२ चं प्यादं खाल्लं. हा प्रकार तो पूर्ण विश्वासाने खेळायचा, याच सामन्यात सातव्या डावातही खेळला होता.

चौदाव्या चालीला स्पास्कीने सी३ वरचा घोडा परत बी१ या मूळ घरी नेला. सगळे मोहरे पुढे यायला हवेत असं आपल्याला शिकवलेलं असतं, आणि इथे जगज्जेता घोडा मागे नेतोय. पण काळा वजीर ए३ वर होता, आणि बी१ चा घोडा त्याच्यावर मारा करत होता. वजीर बी४ वर गेला. पुढे पांढऱ्याने सी४ खेळलं, तोच बी१ चा घोडा डी२ वर आणला, ए३ ने वजीर बी६ वर ढकलला, सी५ ने बी५ वर, मग स्वतःचा वजीर सी३ वर नेला आणि चोविसाव्या चालीला ए४. प्याद्याने हल्ला, आणि वजीर गेला.

ए४ च्या क्षणी बी५ वरच्या वजिराच्या वाटा बघा: ए५ वर पांढऱ्याचा घोडा आणि वजीर दोघांचा मारा, बी४ आणि डी३ वर वजिराचा, सी४ वर डी२ च्या घोड्याचाही, बी६ वर सी५ चं प्यादं, सी६ वर डी५ चं प्यादं. एक फट होती ती ई२ ची, पण तिथे गेला असता तर ए१ चा हत्ती ई१ वर येऊन तिथेही त्याला कोंडता. स्पास्की हा डाव ३१ चालींत जिंकला. सामना फिशरने १२½–८½ असा जिंकला, आणि पटावर बसून हरलेले त्याचे डाव दोनच, पहिला आणि हा. दुसरा डाव तो खेळायलाच आला नव्हता.

नवख्याने यातून उचलायची गोष्ट म्हणजे प्याद्यांचा वापर. ए३, सी५, ए४: प्रत्येक धक्क्याने वजीर कमी वाटांच्या घरात गेला. धक्का द्यायचाच असेल तर तो असा द्या की पुढच्या घरात त्याची अवस्था आधीपेक्षा वाईट होईल.

न कोंडताही वजीर मिळतो

राजा आणि वजीर एका रेषेत आले की वजीर बांधला जातो, मग वाटा कितीही असोत. स्कँडिनेव्हियन बचावातला हा प्रकार नव्या खेळाडूंच्या डावांत होतो: १. ई४ डी५ २. ई×डी५ वजीर×डी५ ३. घोडा सी३ वजीर सी६?? ४. उंट बी५. वजीर सी६ वर, त्याच्यामागे डी७ रिकामं आणि ई८ वर राजा. वजीर त्या तिरक्या ओळीतून बाहेर जाऊ शकत नाही. उंट खाल्ला तर सी३ चा घोडा वजिराला मारतो. वजीर राजाच्या रेषेत दिसला की आधी हे तपासा, कारण याला तयारी लागत नाही.

वजीर मिळाल्यावर

घाई करू नका. आपला राजा सुरक्षित करा, मागे राहिलेले मोहरे बाहेर काढा, आणि हत्तीला हत्ती, घोड्याला घोडा अशी अदलाबदल करत चला. पट जितका रिकामा होईल तितका आपला वजीर भारी पडतो. पुष्कळ नवे खेळाडू वजीर मिळाल्यावर आणखी काहीतरी खायला धावतात आणि घोड्याच्या दुहेरी माऱ्यात तो परत देऊन बसतात.

सराव

लिचेस या फुकट संकेतस्थळावर कोड्यांचे विषय निवडता येतात. त्यात अडकलेल्या मोहऱ्यांचा एक स्वतंत्र विषय आहे. रोज थोडी सोडवा. पण उत्तर बरोबर आलं म्हणून लगेच पुढे जाऊ नका. शेवटच्या स्थितीत वजिराची प्रत्येक वाट कुणी बंद केली आहे ते मोठ्याने सांगा. जोडीदार असेल तर त्याने वजिराच्या बाजूने सुटकेची चाल शोधायची.

एकट्याने करायचा एक सराव असा: वर दिलेला बी२ चा डाव सहाव्या चालीपर्यंत मांडा आणि एकेक मोहरा बदलून बघा. एफ१ चा उंट डी३ वर असता तर बी५ बंद राहिलं असतं का? सी२ चं प्यादं सी३ वर असतं तर बी३ चं काय? काळ्याचा घोडा सी६ वर आणि उंट डी७ वर, दोन्ही असते तर घोडा ए४ चालला असता का? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पटावर मोहरे हलवूनच काढा.